कापलेली अठरा मिनिटं : संगणकावरच्या ध्वनिमुद्रणाविषयी

(दिग्रस येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. पुनरुक्ती थोडी कमी केली आहे. भाषा शक्यतो बोलली तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय माझा नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. संगणकावर आवाज कसा मुद्रित करायचा हे सांगायला या गावात माझ्यापेक्षा लायक पोरं आहेत, त्यातली दोन-तीन समोरच बसली आहेत आणि मी कुठे चुकतो याची वाट पाहताहेत. (हशा) तरी मी हो म्हणालो. कारण या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती चूक नेमकी काय होती हे कळायला मला म्हातारपणी हे सगळं शिकावं लागलं.

माझी थोरली आत्या. इथून दहाएक किलोमीटरवर राहायची. नव्वदीला टेकलेली, पण जात्यावरच्या ओव्या तोंडपाठ. २०१७च्या दिवाळीत माझ्या पुतण्याचा मुलगा लॅपटॉप आणि यूएसबीचा माइक घेऊन आला होता, तेव्हा आम्ही ठरवलं की आत्याबाईंना बसवायचं. बसवलं. चाळीस मिनिटं गायल्या. मधे खोकल्या, पाणी प्यायल्या, थांबल्या, आठवलं, पुन्हा गायल्या. एखाद्या ओवीच्या आधी म्हणायच्या, "हे माह्या सासूचं बरं का," आणि मग गायच्या. पुढच्याला, "हे मायचं." पोराने विचारलं, "आबाजी, खोकला काढून टाकू का?" मी म्हणालो, काढ. "मधलं बोलणं?" मी म्हणालो, गाण्यात बोलणं कशाला, तेही काढ. चाळिसाची बावीस मिनिटं झाली. सुरेख झालं. सगळ्या नातेवाइकांना एमपी३ पाठवली, सगळ्यांनी वा वा केलं.

दोन वर्षांनी आत्या गेली. त्यानंतर ओव्यांवर काम करणारी एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. तिने फार साधा प्रश्न विचारला. सर, यातल्या माहेराकडून आलेल्या ओव्या कोणत्या आणि सासरी शिकलेल्या कोणत्या? आत्याचं माहेर पैनगंगेच्या पलीकडचं, सासर इकडचं. या प्रश्नाला अर्थ होता. आणि उत्तर होतं त्या अठरा मिनिटांत. मी पोराला फोन केला. तो म्हणाला, आबाजी, लॅपटॉपमध्ये जागा नव्हती, लग्नाचे व्हिडिओ टाकायचे होते, तो फोल्डर तेव्हाच डिलीट केला.

आता पोराला दोष देण्यात अर्थ नाही. 'काढ' मी म्हणालो होतो.

तर आज मी हे सांगणार आहे की आवाज यंत्रात जाताना काय काय होतं, आणि त्यात कुठल्या पायरीवर आपण काय गमावतो. लोकांना वाटतं की यंत्र गमावतं. माझं म्हणणं आहे की यंत्र फार थोडं गमावतं.

सुरुवात आवाजापासून करू. आवाज म्हणजे हवेचा दाब कमी-जास्त होणं. आपल्या नैयायिकांनी यासाठी दोन दृष्टान्त दिले आहेत. एक वीचितरंगन्याय: तळ्यात दगड टाकला की लाटेतून लाट निघत जाते, तसा शब्दातून शब्द निघत कानापर्यंत येतो. दुसरा कदंबमुकुलन्याय: कदंबाच्या फुलाचे केसर जसे एकदम सगळ्या दिशांना फुटतात, तसा. त्यांच्या मते शब्द हा आकाशाचा गुण होता, हवेचा नव्हे. तिथे आजचं विज्ञान त्यांच्यासोबत नाही. पण एक गोष्ट त्यांनी नेमकी धरली होती. शब्द टिकत नाही. पुढचा शब्द जन्मला की आधीचा नाहीसा होतो. मीमांसक म्हणायचे, नाही, शब्द नित्य आहे. आपण फक्त तो प्रकट करतो. नाहीतर काल ऐकलेला 'ग' आणि आजचा 'ग' एकच आहे, हे आपण कसं ओळखलं असतं? नैयायिकांचं उत्तर मला फार आवडतं. ते म्हणाले, अहो, आपण म्हणतो ना, मी 'तेच' औषध घेतलं जे त्याने घेतलं. म्हणजे तीच पुडी का? तशाच जातीचं औषध. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माइकमध्ये एक पातळ पडदा असतो. हवेच्या दाबाने तो हलतो, आणि त्या हलण्याचा विजेचा चढउतार बनतो. इथपर्यंत ग्रामोफोनच्या काळातल्या माइकमध्ये आणि आजच्या माइकमध्ये तत्त्वाचा फरक नाही. खरा फरक पुढच्या डबीत, जिला पोरं ऑडिओ इंटरफेस म्हणतात. यूएसबीच्या माइकमध्ये ती डबी आतच बसवलेली असते. ती विजेचा चढउतार मोजते. एका सेकंदात ४४,१०० वेळा, किंवा ४८,००० वेळा. प्रत्येक मोजणीचा एक आकडा. फाईलमध्ये जातात ते आकडे, बाकी काही नाही.

इथे माझ्या पिढीच्या लोकांचा एक ठाम गैरसमज आहे, माझाही होता. आपल्याला वाटतं, हे आकडे म्हणजे जिन्याच्या पायऱ्या. दोन पायऱ्यांच्या मधलं जे होतं ते गेलं. म्हणून डिजिटल आवाज कोरडा. असं नाही. रांगोळीचे ठिपके घ्या. ठिपके काढून दिले तर त्यांवरून पाच बायका पाच रांगोळ्या काढतील, बरोबर? पण मी अट घातली की रेषेने अमुक एका मर्यादेपेक्षा जास्त झपाट्याने वळायचंच नाही, तर त्या ठिपक्यांतून जाणारी रांगोळी एकच निघते. दुसरी शक्यच नाही. हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. नायक्विस्टने १९२८मध्ये त्याची दिशा दाखवली, रशियात कोतेल्निकोव्हने १९३३मध्ये आणि अमेरिकेत शॅननने १९४९मध्ये ते नीट मांडलं. सेकंदाला जितकी मोजणी, तिच्या निम्म्यापेक्षा कमी कंपनांचा आवाज त्या आकड्यांतून जसाच्या तसा परत उभा करता येतो. माणसाच्या कानाची कमाल सुमारे २०,००० कंपनं, म्हणून त्याच्या दुपटीहून थोडं जास्त ४४,१००. माझ्या वयाला निम्मं धरा, पण ते सोडा. (हशा)

अट मोडली तर काय होतं? सिनेमात धावत्या गाडीचं चाक उलटं फिरताना दिसतं ना, तसं. जास्त कंपनांचा आवाज खोट्या, खालच्या स्वरात दिसू लागतो. म्हणून ती डबी मोजण्याच्या आधीच वरची कंपनं गाळून टाकते.

दुसरा प्रश्न, प्रत्येक मोजणी किती बारीक. १६ बिट म्हणजे ६५,५३६ पायऱ्या, २४ बिट म्हणजे एक कोटी सदुसष्ट लाखांच्या वर. एका बिटला साधारण सहा डेसिबल. १६ बिटला सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर ९६ डेसिबल मिळतं, २४ बिटला कागदावर १४४. आपल्या घरातला पंखाच त्यातलं कितीतरी खाऊन टाकतो, तेव्हा १४४च्या गप्पा नकोत. पण २४ बिटचा एक व्यवहारी फायदा आहे. आवाज कमी पातळीवर घेतला तरी चालतो. सॉफ्टवेअरमध्ये शून्य डेसिबल म्हणजे छत. छताला डोकं लागलं की लाटेचा माथा सपाट कापला जातो, आणि तो पुन्हा गोल होत नाही. गाणारा रंगला की आवाज चढतोच. म्हणून तालीम सुरू असताना सर्वांत मोठ्या तानेला काटा उणे बाराच्या आसपास राहील असं बटण लावा आणि मग हात लावू नका. नवखी पोरं छताला चिकटवून घेतात; त्यांना वाटतं मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज.

खोलीबद्दल दोन शब्द. माइक महागातला घ्यायच्या आधी खोली बघा. सिमेंटच्या चार भिंती आणि वर पत्रे, अशा खोलीत लाख रुपयांचा माइकही विहिरीत बोलल्यासारखा वाजतो. आपण कापसाच्या जिल्ह्यात राहतो आणि बाहेरून फोमचे चौकोन मागवतो, याचं मला नवल वाटतं. जुन्या कापसाच्या गाद्या गाणाऱ्याच्या मागे आणि दोन बाजूंना उभ्या करा. वरचे आणि मधले स्वर कापूस चांगले शोषतो. ढोलकीचा खालचा घुमारा तो शोषत नाही, त्याला फार जाड थर लागतो. तिथे ढोलकी कोपऱ्यातून काढून खोलीच्या मधल्या बाजूला आणणं हाच उपाय. माइक तोंडापासून एक वीत. अंतर दुप्पट केलं की मोकळ्या जागेत आवाज सुमारे सहा डेसिबल पडतो, हे खंजिरीला उपयोगी पडतं: खंजिरीवाल्याला मागे बसवा, गायकाला पुढे. अर्ध्या तासाचं मिक्सिंग वाचतं.

आता सॉफ्टवेअर. ऑडॅसिटी २०००पासून फुकट मिळतं. रीपर २००६चं, दोन महिने वापरून पाहा आणि मग थोडक्या पैशांत घ्या, असा त्यांचा व्यवहार. क्यूबेस, प्रो टूल्स ही जुनी नावं. मोबाईलवरही आता बरंच काही होतं. कोणतं घ्यावं यावर पोरांत भांडणं होतात, त्यात मी पडत नाही. मला त्यातली एकच गोष्ट तत्त्वाची वाटली, आणि माझी सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे.

पूर्वी रेडिओवर टेप कापायचे. खरोखरच ब्लेडने. खोकला टेपवर कुठे आहे ते हाताने रीळ मागेपुढे करून शोधायचं, तिरका काप द्यायचा, दोन टोकं चिकटपट्टीने जोडायची. कापलेला तुकडा जमिनीवर पडायचा. जरा जपून असलेला माणूस तो उचलून डब्यात ठेवायचा. बहुतेक वेळा तो झाडूबरोबर जायचा.

आजची संगीताची सॉफ्टवेअर असं करत नाहीत. शिंपी आधी खडूने खुणा करतो आणि मग कात्री लावतो. हे सॉफ्टवेअर फक्त खडू लावतं. तुम्ही पडद्यावर खोकला कापला, असं तुम्हाला दिसतं. प्रत्यक्षात मुद्रित झालेली मूळ फाईल डिस्कवर अखंड असते, आणि प्रोजेक्टच्या फाईलमध्ये नोंद होते: या फाईलमधलं बारा मिनिट चार सेकंदांपर्यंत वाजव, मग बारा मिनिट नऊ सेकंदांपासून पुढे वाजव. मला हे खरं वाटेना. रीपरची प्रोजेक्ट फाईल साध्या नोटपॅडमध्ये उघडता येते. मी उघडली. आणि वाचली! अमुक तुकडा अमुक जागी, इतका लांब, अमुक फाईलमधला. आवाजाचा त्यात कणही नाही. नुसत्या सूचना. हे पाहून मला नैयायिकांचं औषध आठवलं. मुद्रण म्हणजे आवाज नव्हेच. तशाच जातीचा आवाज पुन्हा निर्माण करण्याची ती चिठ्ठी आहे. आणि प्रोजेक्ट म्हणजे चिठ्ठीवरची चिठ्ठी.

याचे परिणाम दोन. चांगला परिणाम: निर्णय बदलता येतो. आज कापलेला खोकला वर्षाने परत आणता येतो. वाईट परिणाम: ज्याला हे माहीत नाही तो फसतो. पोरं पेन ड्राइव्हवर नुसती प्रोजेक्टची छोटीशी फाईल घेऊन दुसऱ्याच्या घरी जातात, आणि तिकडे उघडली की फाईल सापडत नाही असं येतं. चिठ्ठी नेली, औषध घरीच राहिलं. पूर्ण फोल्डर न्यायचा असतो. ऑडॅसिटीचा मामला थोडा वेगळा आहे. त्यात जुनी पद्धत थेट कात्रीची होती. बंद करेपर्यंत मागे जाता यायचं, नंतर नाही. २०२१पासून आवाज आणि सूचना एकाच फाईलमध्ये राहू लागल्या, आणि तुकड्याची कड मागे ओढून लपवलेला भाग परत काढता येऊ लागला. पण पुसलेलं, ते पुसलेलंच. म्हणून तिथे पहिलं काम: मुद्रण संपल्याबरोबर, काहीही करायच्या आधी, ते वेव्ह फाईल म्हणून वेगळं काढून ठेवा.

आमच्या पोराने काय केलं होतं? सगळं नीट केलं होतं. मूळ फाईल होती, प्रोजेक्ट होता. मग एमपी३ काढली, आणि आम्हा सगळ्यांना वाटलं की काम झालं, आता ती एमपी३ म्हणजेच आत्याचं गाणं. बाकीचा पसारा. एमपी३ कशी बनते? मोठ्या आवाजाच्या आड जो लहान आवाज कानाला ऐकू येणार नाही, तो ती टाकून देते. हे ती हुशारीने करते, ऐकायला ठीक आहे. पण ती शेवटची वस्तू आहे, पाठवायची वस्तू. मूळ फाईल किती मोठी होती म्हणाल, तर एका माइकची, १६ बिटची, ४४,१००ची: एका मिनिटाला ५.३ एमबी. चाळीस मिनिटांचे दोनशे बारा एमबी. त्या लग्नाच्या व्हिडिओत दोन मिनिटांच्या वरातीने यापेक्षा जास्त जागा घेतली असेल.

आता मंडळी, खोकला आणि बोलणं ही ढोबळ कापाकापी झाली. ती निदान दिसते तरी. जी दिसत नाही ती जास्त कठीण.

पंख्याचा आवाज काढण्याचं एक साधन सगळ्यांकडे असतं. तुम्ही त्याला नुसत्या पंख्याचा दोन-तीन सेकंदांचा तुकडा ऐकवता. ते त्या आवाजाचं स्वरवार माप घेतं आणि सगळ्या मुद्रणातून तितकं वजा करतं. थोडं लावलं तर उत्तम. जास्त लावलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. आणि खंजिरीच्या झांजांची शेवटची झणझण, ती याच बारीक सरसरीच्या घरात राहते. पंख्याबरोबर तीही जाते. मी एका मंडळाचं मुद्रण ऐकलं, त्यात प्रत्येक झांज अशी वाजत होती की जणू कुणी वाजताक्षणी हाताने दाबून धरली. मंडळाला वाटलं, खंजिरी जुनी झाली.

मग सूर दुरुस्त करणारं साधन. हे बनवणारे अँडी हिल्डब्रँड मूळचे संगीतातले नव्हेत असं नाही, बासरी वाजवायचे. पण पोट भरायचे तेल शोधून. जमिनीत धक्के देऊन परत येणाऱ्या लहरींवरून खाली काय आहे ते ओळखायचं, हे त्यांचं गणित. तेच गणित त्यांनी गळ्याला लावलं आणि १९९७मध्ये ऑटो-ट्यून आलं. लहर किती वेळाने स्वतःसारखी परत येते ते पाहायचं, म्हणजे स्वर कळतो. तो जवळच्या पट्टीवर ओढायचा. पट्टी कुणाची? सोडून दिलं तर पियानोची, बारा समान घरांची. आपली मींड एका घरातून दुसऱ्या घरात घसरत जाते. यंत्र तिला पायऱ्या करून देतं. ओवी गाणारी बाई तर सुरुवातीला पट्टी सांगून बसत नाही, आणि तिचा गंधार पेटीच्या गंधारावर असायलाच हवा असा काही कायदा नाही. पेटीच्या ठरलेल्या स्वरांबद्दलची ही तक्रार जुनी आहे. त्यामुळेच १९४०मध्ये आकाशवाणीवर पेटीला बंदी झाली होती आणि ती कित्येक वर्षं टिकली. मी पेटीच्या बाजूचा आहे, आमच्या इकडचं भजन पेटीशिवाय उभं राहत नाही. पण पेटी गळ्याला साथ करते. हे साधन गळ्याला पेटी करतं.

तिसरं म्हणजे क्लिक. सॉफ्टवेअर उघडलं की बहुतेकांत आधीच लिहिलेलं असतं: १२० ठोके, चार-चारचा ताल. कुणी विचारलं होतं? कानात टिकटिक घालून आधी ढोलकी मुद्रित करतात, मग दुसऱ्या दिवशी पेटी, मग गायक एकटा येऊन गातो. याची सोय आहे, मान्य. एकाची चूक झाली तर एकालाच पुन्हा बसवायचं. पण तुकडोजी महाराजांच्या परंपरेतलं खंजिरी भजन ऐकून वाढलेल्या लोकांना मी सांगायला नको की भजनाची लय चढत जाते. पोहरादेवीच्या रस्त्याला लागून असलेल्या तांड्यांवर होळीला लेंगी म्हणतात, तीही एका जागी राहत नाही. ती चढ कोण ठरवतो? कुणीच नाही. झांजवाला गायकाकडे पाहतो, गायक ढोलकीकडे, आणि ती चढते. वेगवेगळ्या दिवशी एकेकट्याला बसवलं तर प्रत्येक जण बरोबर वाजवतो आणि भजन होत नाही. माझा आग्रह इतकाच की निदान एक आवृत्ती सगळ्यांना एकत्र बसवून, क्लिक बंद करून घ्या. चौकटीच्या रेघा पडद्यावर दिसणारच नाहीत अशी सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, ती वापरा.

एकेकट्याने घ्यायचंच असेल तर आणखी एक अडचण येते, तिचं गणित थोडक्यात सांगतो, कारण पोरं ढोलकीवाल्याला रागावतात आणि त्याची चूक नसते. संगणक आकडे एकेक करून घेत नाही, मूठमूठ घेतो. २५६ आकड्यांची मूठ म्हणजे ५.८ मिलीसेकंद. तितक्या वेळात आवाज हवेतून दोन मीटर जातो, म्हणजे शेजारी बसलेल्या माणसाइतका उशीर. त्याची आपल्याला सवय आहे. पण मूठ १,०२४ची ठेवली की २३ मिलीसेकंद, म्हणजे आठ मीटर. आणि जाताना एक मूठ, येताना एक मूठ, म्हणून दुप्पट. मंडपाच्या दोन टोकांना बसून भजन केल्यासारखं होतं. वाजवताना मूठ लहान ठेवा, मिक्सिंगला मोठी.

आता मूळ गोष्टीकडे येतो. आत्याच्या प्रकरणानंतर मी शोधत गेलो की हे काम नीट कुणी केलं आहे का. केलं आहे, आपल्याच भाषेत. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून, खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या, हजारावर गावांतल्या. हे काम १९८०च्या दशकापासूनचं. आज ते दोघेही नाहीत. पुढे बर्नार्ड बेल त्यात आले, मूळचे अभियंते; तबल्याच्या बोलांसाठी 'बोल प्रोसेसर' नावाचं सॉफ्टवेअर लिहिणारे तेच. त्यांच्यामुळे शंभराहून अधिक तासांचं मुद्रण आणि सगळ्याचा संगणकीय संग्रह उभा राहिला. २०१७पासून 'पारी' या संकेतस्थळावर तो थोडाथोडा प्रसिद्ध होत गेला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी पाहावा. माझी नजर एका गोष्टीवर थांबली. प्रत्येक ओवीला गाणारीचं नाव आहे, गाव आहे. ओवी एकटी नाही. २०१७! मी आत्याचा खोकला कापत होतो त्याच वर्षी.

माझ्या मनात गाणं म्हणजे सूर आणि शब्द होते. 'हे माह्या सासूचं' हा माझ्या लेखी कचरा होता. आत्याच्या लेखी तो गाण्याचाच भाग होता. कुणाचं आहे हे सांगितल्याशिवाय ती ओवी सुरूच करत नव्हती. तर्काच्या भाषेत सांगायचं तर मी वस्तू ठेवली आणि तिचं प्रमाण फेकून दिलं. चाळीस वर्षं प्रमाणशास्त्र शिकवून.

(यानंतर श्रोत्यांनी प्रश्न विचारले. त्यातले दोन येथे दिले आहेत.)

प्रश्न : माझ्याकडे फक्त फोन आहे. फोनवर घेतलं तर चालेल का?

चालेल का काय, घ्याच. आजी आज ऐंशीची असेल तर माइक येण्याची वाट पाहू नका. फक्त काही गोष्टी पाहा. बऱ्याच फोनमध्ये आवाज आपोआप कमी-जास्त करण्याची आणि मागचा गलका दाबण्याची सोय असते; ती बोलण्यासाठी बनवलेली आहे, गाणं तिला कळत नाही. ॲपमध्ये ते बंद करता येत असेल तर करा, आणि वेव्हमध्ये साठवता येत असेल तर तसं साठवा. फोन विमानाच्या मोडवर टाका, नाहीतर ऐन ओवीत कुणाचा तरी फोन येतो. आणि तो जमिनीवर ठेवू नका, वाकळेच्या घडीवर ठेवा. नाहीतर जात्याची घरघर जमिनीतून थेट आत जाते.

प्रश्न : सर, मूळ फाईल ठेवली तरी दहा वर्षांनी ती कुणाची हे कळणार कसं? फाईलचं नाव तर कुणीही बदलतं.

हा खरा प्रश्न. यावर शंभर वर्षांपूर्वीचा उपाय आहे. १९०२मध्ये गौहर जान यांचं गाणं कलकत्त्यात मुद्रित झालं, तेव्हा तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला जाऊन बनायच्या. तिकडच्या कारागिरांना कसं कळणार हे कुणाचं गाणं? म्हणून त्या गाणं संपलं की आपलं नाव स्वतः सांगायच्या. ते नाव तबकडीतच आहे, कागदावर नाही. म्हणून ते गेलं नाही. तुम्हीही तसंच करा. लाल बटण दाबलं की आधी तारीख, गाव, गाणाऱ्याचं नाव बोला, किंवा त्यांनाच बोलू द्या, मग गाणं. हा तुकडा कापू नका. फाईलच्या दोन प्रती, दोन वेगवेगळ्या घरांत. एक प्रत ज्याचं गाणं आहे त्याच्या घरी, कारण ती त्याची आहे.

उद्या सकाळी साडेसहाला इथेच एका भजनी मंडळाचं मुद्रण करून दाखवायचं आहे. सगळे एकत्र बसणार, क्लिक नाही. पंखे बंद राहतील, तेव्हा उन्हाच्या आधी उरकायचं. ज्यांच्या घरी जुन्या कापसाच्या गाद्या असतील त्यांनी एकेक घेऊन यावी, आपल्याला सहा लागतील.